पेन्शन खायची कुठं?

बेळगावात पेन्शनरांची वानवा कधीच नव्हती. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यानं ऐन चाळिशीत रिटायर झालेला जवान आमच्याकडे गल्लोगल्ली भेटतो. खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडची पोरं भरती होतात, पंधरा-सतरा वर्षं देशभर फिरतात आणि परतल्यावर गावाकडची शेती बघत शहरात एखादा प्लॉट धरतात. त्यांच्या जोडीला टिळकवाडी-शहापुरातले बँकवाले, मास्तर, रेल्वेवाले. सुमारे अडीच हजार फुटांवरची हवा, चार महिने धो धो पाऊस, दारात येणारी ताजी भाजी, जवळच दवाखाने. जरा स्वस्त, जरा निवांत जागी जाऊन पेन्शन खावी, हा विचार इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

अलीकडे मात्र वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत थायलंड, पोर्तुगाल, पनामा ही नावं निघायला लागली आहेत. कुणाच्या तरी मुलानं अमेरिकेतून व्हिडिओ पाठवलेला असतो. गोरं जोडपं, समुद्राकडे तोंड केलेला फ्लॅट, हाताखाली कामाला बाई, आणि तरीही पेन्शनीतून पैसे उरतात. मग चर्चा रंगते. आयुष्यभर महागड्या देशात कमवायचं आणि म्हातारपण स्वस्त देशात काढायचं, यात चूक काय?

हिशोब म्हणून काहीच चूक नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. एखाद्या जागेची स्वस्ताई घ्यायची आणि त्या जागेचं मात्र व्हायचं नाही, हा व्यवहार जाणाऱ्याला शेवटी महागात पडतो आणि जिथं तो जातो त्यांना पहिल्या दिवसापासून. सीमाभागातल्या, म्हणजे कर्नाटकात गेलेल्या मराठी मुलखातल्या, माणसाला या दोन्ही बाजू कळायला हव्यात. कारण त्यातली एक आपण सत्तर वर्षं भोगतोय आणि दुसरी आता आपल्या दारात येऊन उभी आहे.

आधी पैशाचं बोलू. थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायचं तर वय किमान ५० हवं आणि तिथल्या बँकेत ८ लाख बात ठेवलेले हवेत, नाहीतर महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. आजच्या भावानं ही ठेव वीस लाख रुपयांच्या पुढं जाते आणि उत्पन्न महिना दीड लाखाच्या वर. पनामाच्या पेन्शनर व्हिसाला महिन्याची हजार डॉलरची आयुष्यभराची पेन्शन लागते. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला तिथल्या किमान वेतनाइतकं, म्हणजे २०२५ च्या दरानं ८७० युरो उत्पन्न. आता हे आकडे घेऊन आमच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत जा. फौंड्रीत पस्तीस वर्षं घाम गाळलेल्या कामगाराला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन किती मिळते? पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर ३५ वर्षांचा हिशोब केला तर साडेसात हजार. पुष्कळांना त्याच्या निम्मीही नाही, कारण पगार आणि नोकरीची वर्षं दोन्ही कमी भरतात. २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये आहे आणि ती हजारावरच उभी आहे. या माणसाला कुठला देश स्वस्त पडणार? रुपयात पेन्शन घेणाऱ्याला जगातल्या स्वस्त जागांपैकी एक आधीच मिळालेली आहे, ती म्हणजे त्याचं स्वतःचं गाव. व्हिसाशिवाय जाऊन राहता येईल असा शेजार म्हणजे नेपाळ, पण तिकडे पेन्शन खायला जातो असं म्हणणारा बेळगावकर मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा हा मार्ग डॉलर, पौंड, युरोवाल्यांचा. आणि त्या चष्म्यातून नकाशा पाहिला की मजेशीर गोष्ट दिसते: त्यांच्या यादीतला स्वस्त देश म्हणजे आपण. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी केलेला शहापूरचा माणूस, कॅलिफोर्नियातला इंजिनिअर, आखातात वीस वर्षं काढलेला कॅम्पातला वायरमन, हे सगळे या ना त्या वाटेनं बेळगावकडेच बघतात. आखातवाल्याला तर फारसा पर्यायच नसतो. तिथं राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी सुटली की ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन विमान धरायचं. इंग्लंडवाल्याची अडचण वेगळी. ब्रिटनची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण ती वाढ पेन्शनर कुठं राहतो त्यावर ठरते. युरोपात, अमेरिकेत, फिलिपाईन्समध्ये राहणाऱ्याला ती मिळते. भारतात किंवा थायलंडमध्ये राहणाऱ्याला नाही. इथं आल्या दिवशी जो आकडा होता तोच मरेपर्यंत. असे गोठलेल्या पेन्शनीचे साडेचार लाखांच्या आसपास लोक जगभर आहेत. अमेरिकेचा मेडिकेअर विमा देशाबाहेरच्या उपचाराला जवळजवळ काहीच देत नाही. शिवाय भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे तिथं दहा वर्षं पुरी न करता परतलेल्या आपल्या पोरांनी भरलेले पैसे बहुधा तिथंच राहतात. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. समुद्र दाखवतात.

आणि स्वस्ताई म्हणजे तरी काय? थायलंडचं हवामान काही स्वस्त नसतं. स्वस्त असते तिथली मजुरी: कपडे धुणारी बाई, जेवण करणारा, टॅक्सीवाला, रात्री उशाशी बसणारी नर्स. चियांग माईत अमेरिकन पेन्शनर राजासारखा राहतो याचा सरळ अर्थ तिथली नर्स अमेरिकन नर्सच्या काही अंशावर काम करते. यात तिचा तोटाच होतो असं मी म्हणत नाही. तिला काम मिळतं, गावात पैसा येतो, हेही खरं. पण तो पैसा भाड्याच्या आणि जमिनीच्या भावातही शिरतो, आणि तिथं त्या नर्सची शर्यत थेट पेन्शनरशी लागते. तिचा पगार तिच्या देशातला, घरभाडं मात्र त्याच्या देशातल्या खिशाकडे बघून ठरलेलं.

पोर्तुगालचं उदाहरण यात बोलकं आहे. २००९ मध्ये त्यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठी करसवलत काढली आणि परदेशी पेन्शनवर दहा वर्षं कर नाही अशी सोय झाली. उत्तर युरोपातले पेन्शनर लोटले. फिनलंडची भूमिका अशी की, या माणसाला आम्ही शिकवलं, त्याचा दवाखाना पाहिला, पेन्शनही आम्हीच देतो, आणि तो कर ना आम्हाला देतो ना तुम्हाला. शेवटी २०१९ पासून फिनलंडनं पोर्तुगालबरोबरचा करकरारच मोडला, २०२२ पासून स्वीडननंही. मधल्या काळात, २०२० मध्ये, पोर्तुगालनं दहा टक्के कर लावला होता; २०२४ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंदच केली. घर विकत घेऊन राहण्याचा परवाना मिळवण्याची वाट २०२३ मध्ये बंद झाली. तोवर लिस्बनच्या जुन्या वस्त्यांतली भाडी तिथल्या मास्तराच्या, नर्सच्या आवाक्याबाहेर गेली होती. २०२५ च्या जुलैमध्ये मेक्सिको सिटीत लोक रस्त्यावर उतरले ते याच कारणानं. त्यातल्या काहींनी दुकानांच्या काचा फोडल्या, ते वाईटच. पण राग कुठून आला हे समजायला अर्थशास्त्र शिकायला नको.

हे इतकं लांबचं का सांगतोय? कारण आमचा खानापूरकडचा पट्टा गोव्याला लागून आहे. गोव्याची भाजी बेळगावहून जाते. चोर्ला घाटातून पहाटे गाड्या उतरतात आणि संध्याकाळी तिकडचे लोक उपचाराला, लग्नाच्या खरेदीला इकडे चढतात. गोवेकराला बेळगाव स्वस्त, कारण गोवा त्याच्यासाठी महाग झालं. ते महाग केलं दिल्ली-मुंबईच्या पैशानं आणि काही अंशी परदेशी पैशानं. पैसा उताराला लागलेल्या पाण्यासारखा पुढच्या स्वस्त जागी जातो, आणि गोव्यानंतरची जागा म्हणजे खानापूर तालुका. जांबोटी, कणकुंबीकडच्या रस्त्याला फार्म हाऊसच्या पाट्या दिसतात त्या उगीच नाहीत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकातही असंच बंधन होतं, पण २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ब ही कलमं काढून टाकली गेली आणि कुठल्याही भारतीयाला इथली शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी रयत संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. आमच्या मराठी पुढाऱ्यांचं लक्ष सीमेच्या रेषेकडे होतं. रेषेच्या आतली जमीन कुणाच्या नावावर चढतेय हे बघायलाही कुणी मोकळं असायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आता दुसरी बाजू, जाणाऱ्याची. थायलंडमध्ये निवृत्त परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी सरकारला कळवावं लागतं की मी अमुक पत्त्यावर राहतो. परवाना वर्षाचा, दरवर्षी नवा. जमीन नावावर होत नाही. फ्लॅट होतो, तोही इमारतीतल्या ४९ टक्के जागेच्या मर्यादेत. मत नाही. कायदा बदलला तर आपलं कोण ऐकणार, याचं उत्तर कोणीच नाही. मलेशियानं २००२ पासून चालवलेली 'माय सेकंड होम' योजना २०२१ मध्ये एकदम कडक केली, तेव्हा उत्पन्नाच्या आणि ठेवीच्या नव्या अटी पाहून तिथं वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांचं धाबं दणाणलं. सरकारनं पुढं अटी पुन्हा बदलल्या. पण या सगळ्यात त्या लोकांच्या हाती काय होतं? अर्ज आणि वाट बघणं.

बेळगावच्या मराठी माणसाला हे वाचून काहीतरी ओळखीचं वाटलं पाहिजे. आपण इथले भूमिपुत्र, मतदार, करदाते. आपण आमदार निवडून दिले, महापालिका चालवली. १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव कन्नड राज्यात गेलं, १९६७ ला सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं सगळं असूनही भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं कागद त्यांच्या भाषेत द्या, ही साधी मागणी घेऊन आपण अजून मोर्चे काढतो. आपल्या आजीला तिच्याच शेताचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. नागरिकत्व हातात असताना ही गत. मग नागरिकत्व नाही, मत नाही, लिपी येत नाही अशा जागी माणूस सत्तरीत आपल्या हौसेनं जातो, तेव्हा तो नेमकं काय सोडतोय हे इतर कुणाला नाही तरी आपल्याला तरी कळावं.

यावर एका स्नेह्यांनी मला जे ऐकवलं ते इथं द्यायलाच हवं, कारण त्यात दम आहे. ते म्हणाले, "अहो, परक्या देशात परकं असणं सोपं असतं. आपल्या गावात परकं असणं जड जातं. तिथं मला कुणी विचारणार नाही की पाटी कुठल्या भाषेत लावलीस. मी पाहुणा, तो यजमान, विषय संपला." नोव्हेंबरच्या एक तारखेला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, निषेधाची काळी पट्टी बांधून उभं राहिलेल्या, पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या पिढीतला हा माणूस. त्याचा थकवा खोटा म्हणायची माझी छाती नाही. साठीत पाच-दहा वर्षं असं पाहुण्यासारखं राहावं, कुणाचं देणं नाही, कुणाचा झेंडा नाही, यात सुख आहेच. खर्च झेपत असेल तर हिवाळ्याचे चार महिने कुणीही जावं. माझी विनंती एवढीच की टिळकवाडीतलं घर विकून जाऊ नका.

कारण साठीचं म्हातारपण आणि पंच्याऐंशीचं म्हातारपण यांची गल्ली एक नाही. साठीत माणूस देश बघतो, पंच्याऐंशीत पलंगापासून संडासापर्यंतचं अंतर बघतो. तेव्हा विम्याचा हप्ता वयाबरोबर चढलेला असतो, किंवा कंपनीनं वय बघून नकार दिलेला असतो. जोडीदार आधी जातो. स्मृतिभ्रंश झाला तर पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी पुसली जाते आणि माणूस लहानपणीच्या बोलीत बोलू लागतो. लिस्बनच्या दवाखान्यात एखादी आजी "गं बाई, पाठ लई धरलीया" म्हणाली तर परिचारिका भली असली तरी करणार काय? बेळगावच्या वॉर्डात तीच आजी तेच बोलली तर बैलहोंगलची कन्नड नर्ससुद्धा मान हलवून उशी सरकवते. सीमाभागाचं हे वैभव आपण भांडणाच्या नादात मोजायचं विसरतो. इथल्या बाजारात, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर दोन्ही भाषा एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून वावरतात. सक्ती कचेरीत आहे, गल्लीत नाही. आणि म्हातारपण बहुतेक गल्लीतच जातं.

माजी सैनिकाचं गणित तर आणखी सरळ आहे. त्याचा ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतला, उपचार इथल्या पॉलिक्लिनिकला बांधलेला. हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठा लावून ऑनलाइन देता येतो हे खरं, पण गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑनलाइन होत नाही.

मग बाहेरून बेळगावला पेन्शन खायला येणाऱ्यांचं काय करायचं? त्यांना नको म्हणायचं का? मुळीच नाही. त्यातले निम्मे आपलेच आहेत, परदेशी पासपोर्ट घेऊन परतणारे. त्यांना ओसीआय कार्डावर आयुष्यभर राहता येतं. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. उरलेले पुण्या-बंगळूरचे, गोव्याचे. येऊ देत. पण आपण काही मागायला शिकलं पाहिजे, आणि इथं मी आपल्या लोकांना थोडं बोचेल असं बोलणार आहे. सत्तर वर्षं आपण फक्त सरकारकडे मागत आलो. येणाऱ्याकडे, विकणाऱ्याकडे, स्वतःकडे काही मागायची सवय आपल्याला लागली नाही. भाव चांगला आला की उताऱ्यावरची नावं बदलतात, आणि विकणारा बहुधा मराठीच असतो. खानापूरच्या ग्रामसभांनी फार्म हाऊसच्या पाणीउपशाचा आणि रस्त्याचा प्रश्न धरला पाहिजे. जंगलपट्ट्यातली विहीर एका तरण तलावासाठी आटली तर ती कुठल्या राज्यात होती याला अर्थ राहत नाही. वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या बंगल्यावर जास्त घरपट्टी लावता येईल का, हे शासनाकडे विचारलं पाहिजे. येणाऱ्याकडून मराठी आणि कन्नड दोन्हीची अपेक्षा ठेवावी. हे कन्नड संघटनांना अर्धं आवडणार नाही आणि आपल्यालाही अर्धं आवडणार नाही, म्हणून बहुधा ते बरोबर असावं.

सर्वात आधी मात्र दाम ठरवायला हवा तो सेवेचा. परतणाऱ्या पेन्शनरांना सगळ्यात जास्त गरज लागते ती घरी राहून सांभाळणाऱ्या माणसांची. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली, खानापूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या पोरी नर्सिंगचा छोटा कोर्स करतात आणि या कामाला लागतात किंवा पुणे-गोव्याला निघून जातात. बारा तासांची ड्युटी, रात्रीचं जागरण, सुट्टीचा पत्ता नाही, आणि मध्ये एजन्सीचा वाटा. बेळगाव स्वस्त आहे ते यांच्या जिवावर. इंग्लंडची पेन्शन घेणारा माणूस इथं येऊन या मुलीला इथल्याच दरानं पगार देतो तेव्हा तो कायदा मोडत नाही. पण दर ठरवणारे आपण आहोत. या बायकांची संघटना व्हावी, आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी आणि प्रॉव्हिडंट फंड असा करार लिहून घेतला जावा, तोही त्यांना वाचता येईल अशा भाषेत. असं झालं तर बेळगावात म्हातारपण काढणं आजच्याइतकं स्वस्त पडणार नाही. काही जण मग येणार नाहीत, पुढचं गाव शोधतील. जे तरीही येतील त्यांच्याशी शेजारी म्हणून बोलता येईल.